बिनतांब्याची तांबी

दोंडाईच्यात किंवा आसपासच्या खेड्यांत कुणाकडे लग्न निघालं, की वाजंत्रीवाल्याच्याही आधी मंजुळाबाईला सांगावा जायचा. वाजंत्री काय, कुठलीही चालते. मांड्यांना मात्र हात लागतो. मऊसूत कणकेचा गोळा, त्यात पुरण, आणि मग लाटणं बाजूला सारून ती तो मांडा दोन्ही हातांवर खेळवू लागली, की बायका आपापली कामं टाकून बघत उभ्या राहायच्या. मनगटापासून कोपरापर्यंत फिरत फिरत मांडा मोठा व्हायचा, इतका पातळ की पलीकडचा जाळ त्यातून दिसावा, आणि कुठे टाचणीएवढंही भोक न पडता चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर अलगद उतरायचा. शाळा तिने चौथीत सोडली होती, पण मांडे म्हटलं की शहाद्यापर्यंत तिचं नाव निघायचं. लग्नघरात नवरीची आई तिला पाटावर बसवून साडी नेसवायची. एरवी मिरची वाळवायच्या पथारीवर तोलाई करणाऱ्या जीवरामची बायको, एवढीच तिची ओळख. चुलीपुढे बसली की मात्र पाटलीणबाईसुद्धा तिला विचारून पुरणात गूळ घालायची.

जीवराम बरा माणूस होता. दिवसभर मिरचीच्या ढिगांत उभा राहायचा, घरात शिरला की त्याच्या कपड्यांनी सगळ्यांना शिंका यायच्या. फार बोलायचा नाही. बोलायचं काम त्याच्या आईकडे, भिकुबाईकडे होतं, आणि ते ती मनापासून करायची.

कोकिळा आणि सिंधू या दोन मुली, त्यांच्या पाठीवर अभिमन. त्यानंतरचं चौथं बाळंतपण मंजुळेच्या जिवावर उठलं. मूल मेलेलंच जन्मलं आणि रक्त थांबेना. गावच्या डॉक्टरांनी कशीबशी वाचवली आणि जीवरामला बाजूला घेऊन सांगितलं, "पुढचं बाळंतपण हिला झेपणार नाही. ऑपरेशन करून टाक."

भिकुबाईने ते ऐकलं आणि कपाळावर हात मारला. एकुलता एक मुलगा म्हणजे एकच डोळा, असं तिचं म्हणणं. "एक डोया डोया नई, एक आंडोर आंडोर नई. अभिमनले काही कमीजास्त व्हयनं ते? ऑपरेशनना नाव काढू नका मन्हा घरमा."

जीवरामने मान खाली घातली. मंजुळेला कुणी विचारलंच नाही. मग गावात फिरणाऱ्या नर्सबाईंनी मधला मार्ग काढला. तांबी बसव म्हणाल्या. हवी तेव्हा बसवता येते, हवी तेव्हा काढता येते. धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात नवीन प्रकारची तांबी आली आहे, फुकट बसवतात, तपासण्याही फुकट. ही गोष्ट १९८६ सालच्या थंडीतली.

धुळ्याच्या त्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई गोऱ्यापान, चष्मेवाल्या, घाईत असलेल्या. त्यांनी मंजुळेचं पोट दाबून पाहिलं, वय विचारलं, मुलं विचारली. मंजुळा शहरी बोलीत अडखळत म्हणाली, "बाई, माझ्या जावेनं तांबी बसवली होती. तिला फार रक्त जायचं. मला आधीच अशक्तपणा आहे."

"ही तशी नाही. परदेशातली आहे. हिने रक्त उलट कमी जातं. तुझ्यासारखीलाच चांगली."

"काही त्रास?"

"काही नाही गं. बसवायची आणि विसरून जायचं."

सही करायला सांगितली, तिने केली. मजकूर इंग्रजीत होता. काय लिहिलंय म्हणून तिने विचारलं, तर सिस्टर म्हणाली, "हेच. तांबी बसवायला तयार आहे म्हणून." एवढंच. बसवताना कळ मस्तकात गेली, ती तिने दात आवळून सोसली. परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकून बसली तेव्हा तिला खरोखर हलकं वाटत होतं. आता मरणाची भीती गेली, असं ती मनाशी म्हणाली.

विसरून जायचं! तिला एक दिवस विसरता आलं असतं तर शपथ.

पहिल्या आठवड्यापासून डाग पडायला लागले. फार नाही, थेंबभर. पण थेंब थांबेचना. पाळी आली, गेली, आणि तरी डाग पडतच राहिले. दुसरा महिना लागला, तिसरा लागला. ज्या घरात पाळीच्या बाईला चूल, पाण्याचा माठ, देव सगळं वर्ज्य, ओट्याच्या कोपऱ्यात गोणपाटावर बसायचं आणि वेगळ्या ताटात जेवायचं, त्या घरात थेंब मोजत नाहीत. थेंब तो थेंब. मंजुळा बाजूला बसली ती बसलीच. जेमतेम चार दिवस कोरडे जायचे, ती डोक्यावरून न्हायची, चुलीपाशी जायची, आणि भाकरी थापता थापता पुन्हा तेच.

भिकुबाईला या वयात चूल फुंकावी लागली. तिचं तोंड सुटलं.

"हाई काय नवं काढं तू? बठ्ठा महिना बाजूलेच?"

"मी काय हौस म्हणीसन बसस का, आत्याबाई?"

"कोनले म्हाईत! आम्हना टायमाले असं नव्हतं बाई."

शेजारणी आधी हळहळल्या, मग हसायला लागल्या, मग त्यांनी आपल्या लेकींना तिच्या ओट्याकडे फिरकू देणं बंद केलं. अभिमन तीन वर्षांचा. तो धावत येऊन आईच्या गळ्यात पडायचा आणि आजी त्याला ओढून न्हाणीत नेऊन अंगावर पाणी ओतायची. पोराला कळायचं नाही की आईला मिठी मारली की आंघोळ का करावी लागते.

लग्नसराई आली. मंजुळा खोटं बोलणारी बाई नव्हती. पहिली दोन बोलावणी तिने हात जोडून परत पाठवली, "माले अडचण शे." तिसरं बोलावणं प्रमिलाबाईंचं. शिंदखेड्याच्या वाटेवर त्यांचं मोठं शेत, मोठं घर, एकुलत्या एक लेकीचं लग्न. प्रमिलाबाई स्वतः आल्या होत्या. त्या दिवशी मंजुळा नुकतीच न्हाली होती, तीन दिवस कोरडे गेले होते. तिला वाटलं, सुटले. ती हो म्हणाली.

लग्नाच्या आदल्या दिवशी ती चुलीपुढे बसली. किती महिन्यांनी! खापर तापलं, पुरणाचा घमघमाट सुटला, पहिला मांडा हातावर फिरला तेव्हा तिचे डोळे भरून आले. भोवती बायका बसल्या होत्या, गाणी चालली होती. दुपार कलली आणि ती पाणी प्यायला उठली, तेव्हा मागे बसलेली एक म्हातारी ओरडली.

साडीला मागे डाग होता. रुपयाएवढासुद्धा नव्हता.

गाणं थांबलं. प्रमिलाबाई आतून आल्या, त्यांनी डाग पाहिला, मांड्यांची चळत पाहिली, पुरणाचं पातेलं पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. "हाई काय कयं तू, मंजुळा? उद्या मन्ही पोरना डोकावर अक्षता पडतीन, नि आज तू देवना नैवद्य बाटाडा?"

"अक्का, मी बसनू तवय काहीच नव्हतं. आईनी आन. ती तांबी—"

"तांबी-बिंबी माले सांगू नको!"

सगळं पुरण, सगळे मांडे गोठ्यात बैलांपुढे टाकले. खापर फोडलं. चूल पुन्हा सारवली. मंजुळा मागच्या दाराने निघाली ती उन्हातून चालतच घरी आली. बरोबर दोन बायका यायच्या त्या आल्या नाहीत. वाटेत तिला रडू आलं नाही. राग आला, आणि गंमत अशी की तो कुणावर आला हे तिला ठरवता येईना. प्रमिलाबाईंवर? त्यांनी तेच केलं जे तिच्या आईनेही केलं असतं. सासूवर? स्वतःच्या अंगावर? चालता चालता तिला डॉक्टरीणबाईंचा आवाज आठवला, "काही नाही गं," आणि राग नीट जागेवर बसला.

दुसऱ्याच दिवशी ती धुळ्याला गेली. जीवराम बरोबर होता, पण बाहेर चहाच्या टपरीशी थांबला. बायकांच्या दवाखान्यात पुरुषाने काय करायचं! डॉक्टरीणबाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं नाही, निम्मं ऐकलं.

"होतं असं पहिले काही महिने. थोडे डाग जातात. थांबतील."

"होतं? म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, सगळ्यांनाच थोडंफार होतं."

"मग सांगितलं का नाही?"

डॉक्टरीणबाई हसल्या. वाईट हसल्या नाहीत, लहान मुलाकडे बघून हसतात तशा. "सांगितलं असतं तर तू बसवली असतीस का?"

मंजुळा उठली. ती बाहेर आली आणि टपरीपाशी उभी राहिली. जीवरामने विचारलं, काय म्हणाल्या? ती म्हणाली, "थांबी जाई म्हनतस." पण ते वाक्य तिच्या डोक्यात घण घातल्यासारखं वाजत राहिलं. सांगितलं असतं तर बसवली असती का? म्हणजे हो-नाही म्हणायचा हक्क तिचा होता हे बाईंना ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तर सांगितलं नाही!

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी आल्या, झाडांना झोके बांधले गेले, घरोघरी आमरस झाला. दोंडाईच्यात त्या वर्षी मांड्यांसाठी एकाही घराने मंजुळेला हाक मारली नाही. ती ओट्यावर गोणपाटावर बसून दुसऱ्यांच्या झोक्यांची गाणी ऐकत होती.

आणि मग एके दिवशी डाग थांबले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या तसंच. मंजुळा न्हाली, घरात आली, माठातलं पाणी स्वतःच्या हाताने घेऊन प्याली. अभिमनला मांडीवर घेतलं ते सोडलंच नाही. एक महिना गेला, दुसरा गेला. डाग नाहीत. पण पाळीही नाही.

आधी भिकुबाई खूश होती. चूल सुटली होती ना! मग तिने दिवस मोजले आणि तिचे डोळे बारीक झाले. मंजुळेचं अंग भरलं होतं. कधी नव्हे ते तोंडावर मुरमं उठली होती, छाती दुखत होती, ब्लाउज घट्ट व्हायला लागले होते. केस विंचरताना गुंतवळ हातात येत होतं. आणि रडू यायचं. कशाचं रडू, ते सांगता येत नव्हतं. भाजी निवडताना यायचं, कोकिळेची वेणी घालताना यायचं. नाहीतर एकदम संताप यायचा आणि हातातलं भांडं आदळलं जायचं. आपल्या अंगात दुसरीच कुणी बाई राहायला आली आहे, असं तिला वाटायचं.

"हाई ते दिन गयात," भिकुबाईने जाहीर केलं. शेजारणींनी लगेच माना हलवल्या. गेल्या आखाजीला तिला बाटलेली म्हणणाऱ्या बायका आता, 'काय डोहाळे लागले?' म्हणून विचारायला लागल्या. जीवरामचा चेहरा पडला. एक दिवस तो न राहवून म्हणाला, "तांबी बसाडी व्हती ना? मंग हाई कसं?" त्याला मेलेलं मूल आठवत होतं, रक्ताने भिजलेली बाज आठवत होती. मंजुळेलाही तेच आठवत होतं. तिला झोप लागेना. दिवस गेले असतील तर आपण मेलो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

गावच्या डॉक्टरांनी तपासलं, दिवस नाहीत म्हणाले. मग पाळी का येत नाही? त्यांनी खांदे उडवले. धुळ्यातच विचारा म्हणाले.

दिवस नाहीत म्हटल्यावर भिकुबाईचं नवीनच. इतकं रक्त जातं कुठे? ते पोटात साचतंय, गोळा होतोय, त्याची उष्णता डोक्यात चढते, म्हणून सून भांडी आदळते. तिने कुणाकडून तरी काढा आणला. गाजराचं बी, तीळ, जुना गूळ आणि आणखी काय काय. मंजुळेने तो प्यायला. का प्यायला असं पुढे कुणी विचारलं की ती म्हणायची, ज्याला काहीच सांगितलेलं नसतं त्याला सगळंच खरं वाटतं. काढ्याने पाळी आली नाही. उलट्या झाल्या, जुलाब झाले, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि ती न्हाणीच्या दारात पडली. मुली किंचाळल्या. त्या दिवशी जीवराम आईवर आयुष्यात पहिल्यांदा ओरडला. मंजुळेने काढ्याचं गाडगं उचलून उकिरड्यावर फेकलं आणि आठवड्याभरात, उभं राहण्याइतका जीव आल्याबरोबर, पुन्हा धुळ्याची एसटी धरली.

या वेळी डॉक्टरीणबाईंबरोबर शिकाऊ मुलं-मुली होती. मंजुळा टेबलावर आडवी होती. बाईंनी तिला तपासलं आणि मुलांकडे वळून म्हणाल्या, "हिची पाळी आता पूर्ण थांबलेली आहे. उत्तम. या तांबीतून औषध झिरपत राहतं, त्याचा हा परिणाम."

मंजुळा कोपरं टेकून उठून बसली.

"कसलं औषध?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "झोप, झोप. अजून झालं नाही."

"बाई, कसलं औषध झिरपतंय माझ्या पोटात?"

"हार्मोनचं औषध असतं. थोडंसं. त्यानं पाळी कमी होते, कुणाची बंदही होते. धोका काही नाही. तुला अशक्तपणा होता ना? मग रक्त वाचलं तुझं. चांगलंच झालं की."

चांगलंच झालं! मंजुळेने साडी सावरली आणि पाय खाली सोडले. शहरी बोली कुठल्या कुठे गेली.

"मी मरनू आशी म्हणीसन घरमा बठ्ठा रडी राहिंतात. मी काढा पिनू, उलट्या करी करी पडनू. नि तुम्ही म्हनतस चांगलं व्हयनं? मन्हा पोटमा काय घालं, ते माले नको का सांगाले?"

"आवाज खाली कर. तू सही केली आहेस."

"काढा ती. आत्ताच्या आत्ता."

आणि इथे डॉक्टरीणबाईंचा आवाज बदलला. समजावणीचा झाला. असं मध्येच काढता येत नाही. निदान वर्षभर तरी ठेवायला हवी. या तांबीचा अभ्यास चालू आहे, वरून माणसं बघायला येतात, प्रत्येक बाईने कुरकुर करून काढून घेतली तर अभ्यासाचं काय होणार? हा तुझ्यासारख्या हजारो बायकांच्या भल्याचाच प्रश्न आहे. तू समजूतदार आहेस. पुढच्या तपासणीला ये, मग बघू.

मंजुळेच्या लक्षात आलं ते असं, की ती इथे उपचाराला आलेली नव्हतीच कधी. तिच्यावर काहीतरी करून पाहिलं जात होतं, आणि जे पाहायचं होतं ते नीट दिसत होतं. म्हणून उत्तम.

ती बाहेर व्हरांड्यात आली. बाकावर चांगल्या घरची दिसणारी एक बाई बसली होती. डोक्यावरून पदर, हातात चांदीच्या पाटल्या. मंजुळेने तिला ओळखलं. दोंडाईच्यातल्या कापडवाल्या प्रकाशचंदची बायको, राजकुंवर. लग्नसराईत मंजुळा त्यांच्याच दुकानात साड्या घ्यायची. आतला आवाज व्हरांड्यात सगळ्यांनी ऐकला होता.

राजकुंवर हळूच म्हणाली, "मंजुळाबाई, तुम्हाला पण तीच बसवली?"

"तुमले बी का, भाभी?"

राजकुंवरने मान हलवली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. "मला जेवण जात नाही. सकाळी उठावंसं वाटत नाही. मुलगा आई म्हणून हाक मारतो, तर ओरडावंसं वाटतं त्याच्यावर. अशी नव्हते हो मी. इथं सांगितलं, तर बाई म्हणाल्या, सासूशी पटत नाही का? मन रमवा, देवळात जा." पदराने डोळे पुसत ती म्हणाली, "घरचे म्हणतात, हिला कुणीतरी काही केलंय."

पलीकडच्या बाकावर धुळ्याचीच एक लताबाई होती. ती मध्येच म्हणाली, "मला नाही बुवा काही झालं. माझं तर इतकं जायचं, की मी उभी राहू शकत नव्हते. ही बसवल्यापासून सुटले मी. मला मानवली."

मंजुळेला लताबाईचा राग आला नाही. "बरं झालं, बाई," ती म्हणाली. "तुला मानवली हे चांगलंच. पण तुला तरी सांगितलं होतं का, हिच्यात औषध आहे म्हणून?"

"नाही," ती म्हणाली. "नाही सांगितलं."

मंजुळा उठली आणि डॉक्टरीणबाईंच्या खोलीच्या दारात, उंबऱ्यावरच बसली. पाय पसरून, पाठ चौकटीला टेकून. जाणाऱ्या-येणाऱ्याने तिला ओलांडून जायचं. सिस्टर आली, उठ म्हणाली. शिपाई आला. मंजुळा म्हणाली, "हात लावून बघ." कित्येक महिने तिला कुणी हात लावत नव्हतं, आता लावायची हिंमत कुणाला नव्हती.

मग राजकुंवर उठली. जिने घराबाहेर कधी आवाज चढवला नव्हता, ती पदर खोचून मंजुळेच्या शेजारी उंबऱ्यावर येऊन बसली. चांदीच्या पाटल्या फरशीवर खणकल्या. दोघींचा खांद्याला खांदा लागला. थोड्या वेळाने लताबाईही येऊन भिंतीशी उभी राहिली. "मला काढायची नाहीये," ती शिपायाला बजावून म्हणाली, "पण मी इथंच उभी राहणार."

व्हरांड्यातल्या बाकीच्या बायका विचारायला लागल्या, काय झालं, काय झालं. मंजुळा सांगायला लागली, मोठ्याने, थेंबापासून काढ्यापर्यंत सगळं. तांबी बसवायला आलेल्या दोघी-तिघी ऐकता ऐकता पिशव्या उचलून घरी निघून गेल्या. ते पाहिल्यावर मात्र आतलं दार उघडलं.

डॉक्टरीणबाई रागाने लाल झाल्या होत्या. "या अडाणी बायकांसाठी काही चांगलं करायला जावं, तर हे असं! या आत."

काढायला काही मिनिटंसुद्धा लागली नाहीत. ज्यासाठी एवढं रामायण, ती गोष्ट एका चिमट्यात बाहेर आली. डॉक्टरीणबाई ती ट्रेमध्ये टाकून हात धुवायला वळल्या, तेवढ्यात मंजुळा म्हणाली, "मला दाखवा."

"त्यात काय बघायचं?"

"माझ्या पोटात होती ना? मला बघू द्या."

सिस्टरने ट्रे पुढे केला. प्लास्टिकचा पांढुरका छोटा तुकडा, वर आडवे दोन हात, खाली दोरा. मंजुळेने तो उलटा-सुलटा करून पाहिला. जावेची तांबी तिने पाहिली होती. तिला लाल चकचकीत तार गुंडाळलेली होती.

"तांबं कुठंय हिच्यात?" तिने विचारलं.

तांबं नव्हतंच. नावसुद्धा खोटं सांगितलं होतं.

तिच्यामागून राजकुंवर आत गेली, तिनेही काढून घेतली. दोघी एकाच एसटीने दोंडाईच्याला परतल्या, एका बाकावर. चिमठाण्याच्या आसपास राजकुंवरने पिशवीतून खाकरा काढला, अर्धा मोडून मंजुळेच्या हातावर ठेवला.

हे घडलं म्हणून सगळं सुरळीत झालं असं नाही. मंजुळेची पाळी दोन-तीन महिन्यांनी आली, तोंडावरची मुरमं गेली, रडू हळूहळू थांबलं. पण प्रमिलाबाईंच्या घरची गोष्ट पसरायची ती पसरली होती. मोठ्या घरांनी तिला पुन्हा बोलावलं नाही. तिने ठेचा आणि पापड विकले, पुढे स्टेशनाबाहेर खिचडीची गाडी लावली. दवाखान्यातून माफी सोडाच, चौकशीलाही कुणी आलं नाही. डॉक्टरीणबाई पुढे मोठ्या जागेवर गेल्या असं कळलं.

राहिला प्रश्न पुढच्या बाळंतपणाचा. मंजुळेने या वेळी कुणाच्या परवानगीची वाट पाहिली नाही. भिकुबाईने एका डोळ्याची गोष्ट काढली, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "आत्याबाई, तो डोया मन्हा शे. नि पोट बी मन्हंच शे." जीवराम म्हणाला, "तुले पटस ते कर." तिने स्वतःच डॉक्टरांना दहा गोष्टी विचारल्या आणि ऑपरेशन करून आली. भिकुबाई महिनाभर बोलली नाही. त्या महिन्यात घरात फार शांतता होती.

नंतरची काही वर्षं, गावात नर्सबाई किंवा डॉक्टर बायकांची सभा घ्यायला आले, की मंजुळाबाई खिचडीची गाडी लेकीवर सोपवून पहिल्या रांगेत जाऊन बसायची. तिला बघून नर्सबाईंच्या कपाळाला आठी पडायची. काही बायकांनाही ते आवडायचं नाही. 'हिच्यामुळे लोक तांबीला घाबरतात, आणि मग दरसाल पाळणा हलतो,' असं एकजण तिच्या तोंडावर म्हणाली. त्यात तथ्य होतं, आणि ते मंजुळेला लागलंही. ती म्हणाली, "मी नका बसवू कधी म्हटलं? बसवा. धुळ्याच्या लताबाईला मानवलीच की. पण काय बसवतात ते विचारून बसवा."

१९९४ साली कोकिळेला दुसरी मुलगी झाली. ती सासरहून, वरणगावहून, बाळंतपणाला आली होती. जावई तिथल्या कारखान्यात होता. दोघांना आणखी मूल नको होतं, ऑपरेशनही इतक्यात नको होतं. मंजुळा तिला घेऊन गावात आलेल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे गेली आणि प्रश्नांचा मारा सुरू केला. काय घालणार? तांबं आहे की औषध? डाग पडतील? किती महिने? पाळी थांबेल का? थांबली तर भ्यायचं का? नको वाटली तर ज्या दिवशी येऊ त्या दिवशी काढाल का?

तरुण डॉक्टरीण आधी चिडली. बाहेर रांग होती. मग तिने पेन खाली ठेवलं आणि एकेकाचं उत्तर दिलं. जे माहीत नव्हतं ते माहीत नाही म्हणाली. शेवटी कोकिळेकडे वळून तिने विचारलं, "तुला काय वाटतं?"

कोकिळा आईकडे बघायला लागली.

"माझ्याकडे काय बघतेस?" मंजुळा म्हणाली. "बाई तुला विचारताहेत."

कोकिळा विचार करून उद्या सांगते म्हणाली. मायलेकी बाहेर पडल्या. उन्हात चालता चालता मंजुळाबाई एकदम थांबली. लेकीला वाटलं, दम लागला. दम लागला नव्हता. सात-आठ वर्षांपूर्वी त्या दुसऱ्या बाईंना एवढीच उत्तरं द्यायला किती वेळ लागला असता, हे तिच्या मनात आलं होतं, आणि राग पुन्हा पायापासून मस्तकापर्यंत चढला होता.

"काय व्हयनं, माय?" कोकिळेने विचारलं.

"काही नई. चाल," ती म्हणाली, आणि नातीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेऊन झपाझपा चालायला लागली.